कूलरमुळे उन्हाळा

बाण

सोमवारी सकाळी भिंतीवरचा बाण आणखी जाड झाला होता.

विभा डोंगरवार खांद्यावरची पर्स न उतरवताच पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर प्रयोगशाळेतल्या सहा माणसांची सहा वर्तुळं होती आणि त्यांच्यामधून जाणारे बाण. बहुतेक बाण केसाएवढे बारीक. एकच दोरखंडासारखा. तो विभाच्या वर्तुळातून निघून प्रज्योत मेश्रामच्या वर्तुळात घुसला होता. बाजूला आकडा होता, ०.८१. त्याखाली लिहिलं होतं: विलंब, नऊ दिवस.

सोप्या भाषेत याचा अर्थ असा, की डॉ. प्रज्योत मेश्राम जे काही नवं म्हणून मांडतो, त्यातलं बहुतेक सगळं नऊ दिवसांपूर्वी डॉ. विभा डोंगरवार यांनी मांडलेलं असतं.

आणखी सोप्या भाषेत: चोर.

तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग तिने पर्स उतरवली.

यंत्राबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

चालू गिअरबॉक्स उघडून बघता येत नाही. बाहेरूनच त्याला मोजून-मापून हिसका द्यायचा, पलीकडून काय थरथर येते ते टिपायचं, आणि दोन्हींवरून अशी समीकरणं मांडायची की ती त्या बंद डब्यासारखीच वागतील. समीकरणं खऱ्यासारखी वागू लागली, की आत काय चाललंय ते न उघडता कळतं. विभाने आयुष्यभर हेच केलं. आधी गिअरबॉक्स, मग वीजकेंद्रातली ओली राख वाहून नेणारे पंप. राखेने पंप आतून झिजतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. कुठला पंप केव्हा बसणार हे ती नागपुरात बसून सांगायची आणि पंप तिचा शब्द मोडायचे नाहीत.

मग तिला वाटलं, प्रयोगशाळा तरी काय, बंद डबाच. एका बाजूने कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी शिरतं, दुसऱ्या बाजूने पेपर बाहेर पडतो. आत कुणी कुणाला ढकललं ते कुणी सांगत नाही.

हे वाटण्याला कारण होतं. तिच्या पहिल्या पेपरात सगळं डोकं तिचं होतं आणि नाव चौथं होतं. पहिली तीन नावं ज्यांची, ते तेव्हा चहा प्यायला गेले होते.

त्यातून ‘ओघ’ झालं. बैठकीत कोण काय बोललं, कुणी कुठली फाइल केव्हा उघडली, कुणी कुठल्या उपकरणाला हात लावला, कुणी काय टिपण ठेवलं, हे सगळं ओघ गोळा करी आणि त्यावर पंपांचीच समीकरणं लावी. कोण कुणाला ढकलतो, किती जोराने, किती उशिराने. उत्तर बाणांत. पाच वर्षांत राज्यातल्या बहुतेक तांत्रिक संस्थांनी ते घेतलं. बढत्या, अनुदानं, पेपरवरच्या नावांचा क्रम, सगळं बाणावरून ठरू लागलं. प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर पडदा लावायचा आणि दर सोमवारी बाण सगळ्यांना दाखवायचे, ही सूचना विभाचीच होती. “लपवण्यासारखं काय आहे त्यात?” असं तिने तेव्हा विचारलं होतं. 

नववा दिवस

“मॅडम, जरा वेळ आहे का?”

“बस.”

प्रज्योत बसला नाही. तो तिचा पहिला पीएच.डी.चा विद्यार्थी. आता तिच्याच विभागात सहायक प्राध्यापक, प्रोबेशन संपायला दोन महिने. पूर्वी दोघं सकाळी फाटकाबाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे खात आणि तर्रीत पेपराचे कागद भिजवत. वर्षापूर्वी पडदा लागल्यापासून ते बंद झालं होतं. कुणी बंद केलं ते कुणाला आठवत नव्हतं. हल्ली तो कमी बोलायचा, आणि ती आली की लॅपटॉप मिटायचा. विभाच्या हे लक्षात आलं होतं. तिच्या हल्ली फार गोष्टी लक्षात येत.

त्याने मसुदा तिच्यासमोर धरला. ‘थांबणाऱ्या पंपाचं मॉडेल.’

“चालू पंपाचं मॉडेल सगळेच करतात, मॅडम. पण चालू असताना त्याच्यावर मोटरची जबरदस्ती असते. आतून किती का झिजेना, तिच्या तालावर फिरावंच लागतं. स्विच बंद केला की तो आपल्या मनाने थांबतो. कसा थांबतो, कुठे अडखळतो, त्यात सगळी झीज दिसते. बंद होतानाच पंप खरं बोलतो.”

विभाने मसुद्याचं शीर्षक पुन्हा वाचलं. नऊ दिवसांपूर्वी तिने ओघमध्ये एक टिपण ठेवलं होतं. ‘पंप थांबतानाची वक्ररेषा. तिच्यात झीज दिसेल का?’ टिपणं प्रयोगशाळेत सगळ्यांना उघडी असत.

“हे कधी सुचलं तुला?”

“झाले काही दिवस.”

“किती?”

“तारीख लावून सुचत नाही, मॅडम.”

“ओघला तारीख कळते.”

त्याने काचेतून पलीकडच्या पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “मी काय चोरी करून राहिलो का?”

“मी असं म्हटलं नाही.”

“तुम्ही कशाला म्हणाल? भिंत म्हणते ना.”

मसुदा तिथेच ठेवून तो गेला. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. निर्दोष माणूस दार आपटतो, असं विभाला वाटलं.

हिवरकर सर

विभागप्रमुख हिवरकर सर मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट लांबलेली आवडत नसे.

“मॅडम, श्रेय-समिती दीड महिन्याने बसते. मेश्रामला कायम करायचं की नाही, हा विषय आहे. तुम्ही एकच वाक्य बोलायचं. ‘बाण बरोबर आहे.’ बस.”

“आणि मग?”

“मग काय, तो दुसरीकडे बघेल.”

“ओघवर असा बाण असलेल्या माणसाला राज्यात कोण घेणार, सर?”

“ते यंत्र कुणी केलं?” हिवरकर हसले. “पोरगं हुशार आहे हो, नाही कुठे म्हणतो? पण नळाला पाणी येतं म्हणून आपण नळाला विहीर म्हणतो का? आणि एक सांगतो, नव्या ओघ-केंद्राच्या संचालकपदासाठी तुमचं नाव वर गेलंय. आता तुमच्याच प्रयोगशाळेतला बाण तुम्हीच खोटा ठरवला, तर वरचे विचारतील, मग बाकीचे कसे खरे?”

यात धमकी होती का? तिने जाताना जिन्यात विचार केला. ते काही वेगळं सांगत होते का? प्रज्योत गेला तर त्याची जागा कुणाला जाणार होती? हिवरकरांचा भाचा यंदा एम.टेक. झाला होता. नाही, तो सिव्हिलचा. पण तिने हे तपासून मात्र पाहिलं.

कूलर

कान्हेरे मॅडमचा फोन आला तो वेगळ्याच कारणाने. “विभे, कूलरचा पंप पाणी चढवत नाहीये. तू पंपांची डॉक्टर ना? ये.”

कान्हेरे मॅडम तिच्या गाइड. निवृत्त होऊन जमाना झाला होता. अख्खी लक्ष्मीनगर वसाहत पाइपातून येणाऱ्या गार हवेवर गेली तरी यांच्या खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होताच. एप्रिलातच पारा सत्तेचाळीसवर गेला होता. अकरा वाजता दुपारबंदीचा भोंगा व्हायचा आणि पाचपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू फिरकायचं नाही. विभा त्याआधीच पोचली, आणि ओचा खोचून पंपाच्या जाळीतलं शेवाळ काढता काढता तिने सगळं सांगितलं. बाण, मसुदा, हिवरकर, ते एक वाक्य.

“मग माझ्याकडे काहून आलीस? बोलून टाक ते वाक्य.”

“पंप दुरुस्त करायला आले मी.”

“हो, पंपच.” मॅडमनी मोसंबीचा रस पुढे केला. “पहिल्या वर्षाच्या पोरांना मी एक कोडं घालायची. आठवतं?”

“आत्ता नको ना, मॅडम.”

“एका घरातल्या दोनच नोंदी दिल्या आहेत. कूलर केव्हा चालू होता, आणि घरात किती उकडत होतं. मॉडेल मांडा.”

विभाने पाठ असल्यासारखं म्हटलं, “कूलर चालू असतो तेव्हा उकडतं. कूलर बंद असतो तेव्हा उकडत नाही. सबब, कूलरमुळे उन्हाळा येतो.”

“सगळा वर्ग हसायचा. तू हसली नव्हतीस. तू उभी राहून विचारलंस, कूलरचं बटण दाबतं कोण, ते कुठे लिहिलंय?”

विभाचा हात जाळीवर थांबला.

हे तिला नवं नव्हतं. दरवर्षी ती स्वतः हे फळ्यावर लिहायची. बटण दाबणारा हात जर आधी खोलीतला उकाडा बघत असेल, तर खोली हाताला हलवते आणि हात खोलीला हलवतो. वर्तुळ पुरं होतं. अशा वर्तुळातून काढलेल्या नोंदींवर मॉडेल बसवलं तर ते सुरेख बसतं. फक्त ते खोलीचं नसतं. ते हाताचं असतं, आणि तेही उलटं. कारण परिणाम होतो आणि परिणाम कारण. पुस्तकात याला एक सबंध प्रकरण आहे. परीक्षेत हमखास येतं.

“गिअरबॉक्स तुझ्याकडे बघत नव्हता, विभे. राखेचा पंपही नाही. माणसं बघतात. आणि तू तर भिंतीवर पडदा टांगून त्यांना बघायलाच बसवलंस.”

“पण इथे हात त्याचाच आहे! माझं टिपण बघतो आणि–”

“तू टिपण केव्हा लिहितेस?”

“सुचलं की.”

“बरं. आणि सुचतं केव्हा?”

विभाने जाळी बसवून बटण दाबलं. पंपाने गुळगुळ करत पाणी ओढलं. ताट्यांवरून धारा उतरल्या आणि खोलीत वाळ्याचा वास भरला. 

नववा दिवस, मागून पुढे

तो प्रसंग पुन्हा सांगावा लागेल. या वेळी उलट्या टोकाने.

प्रज्योत मसुदा ठेवून जातो. त्याआधी तो म्हणतो, भिंत म्हणते. त्याआधी नऊ दिवस. नऊ दिवसांच्या त्या टोकाला विभा संध्याकाळी घरी बसून टिपण लिहिते. त्याआधी ती बसमध्ये खिडकीशी बसलेली असते आणि तिला ‘सुचतं’.

त्याआधी?

त्याआधी दुपारबंदीचा भोंगा झालेला असतो. प्रयोगशाळा रिकामी होते. विभा किल्ल्या विसरली म्हणून परत येते. काचेपलीकडे प्रज्योत एकटा असतो. त्याने पंपाचा स्विच बंद केलेला असतो आणि तो गेलेला नसतो. पंपाच्या अंगावर तळहात ठेवून, डोळे मिटून, तापलेल्या जनावराला निववावं तसा तो उभा असतो. पंप फिरत फिरत मंदावतो, एकदा अडखळतो, थांबतो. त्यानंतरही तो हात काढत नाही.

विभाने हे पाहिलं ते किल्ल्या उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. आणि तिच्या मनात जे आलं होतं ते शब्दशः असं होतं: हा काय करून राहिला?

बंद पंपाला लावलेला हात ओघमध्ये नोंदला जात नाही. ओघला फाइल दिसते, शब्द दिसतो, उपकरणावरचं बोट दिसतं. नजर दिसत नाही.

याच्या आधीच्या टिपणाआधी त्याने कपाटातला जुना ध्वनिमापक मागितला होता. त्याच्या आधीच्या वेळी तो फळ्यावर काहीतरी काढून घाईघाईने पुसत होता, आणि पुसलेल्या फळ्यावर खडूची सावली राहते. संशय येतो म्हणून ती बघते. बघते म्हणून तिला दिसतं. दिसतं म्हणून सुचतं. सुचतं म्हणून लिहिते, आणि तो शांतपणे, घाई न करता, आपलं काम पुरं करून नऊ दिवसांनी येतो तेव्हा बाण जाड होतो. बाण जाड होतो म्हणून संशय येतो.

असं असेल तर.

कारण हाही एक संशयच होता. आयुष्यभर संशय घेतलेल्या बाईने घेतलेला आणखी एक. त्याला पुरावा काय?

फासा

पुरावा मिळवायची रीत पुस्तकाच्या त्याच प्रकरणात आहे. वर्तुळ तोडायला बाहेरचा हात लागतो. ज्याला उकाडा कळत नाही, कुणाची दया येत नाही, कुणाचा रागही येत नाही, असा.

कान्हेरे मॅडमनी सापशिडीच्या डब्यातला फासा काढला.

ठरलं ते असं. रोज सकाळी मॅडम फासा टाकतील आणि फोन करतील. सम आकडा आला तर विभाने नेहमीसारखं प्रयोगशाळेत जायचं. विषम आला तर तिकडे फिरकायचंही नाही, कुणाशी बोलायचं नाही, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून लिहायचं. विभाच्या टिपणांवर प्रज्योत जगत असेल, तर विषम दिवसांनंतर त्याचं काम आटलं पाहिजे. प्रज्योतवर विभा जगत असेल, तर विषम दिवशी–

“ते बघू,” विभा म्हणाली.

“आज पाच,” पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या. “बस मागच्या खोलीत. आणि हे बघ, आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा टाका म्हणायचं नाही. कॉलेजात कॅरममध्ये तू काय करायचीस ते माहीत आहे मला.”

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुनी नियतकालिकं बांधून ठेवली होती. कागद, पेन, पंखा. विभा बसली. गेल्या वर्षभरात तिला एवढं सुचत होतं की स्वतःचंच नवल वाटायचं. पन्नाशीनंतर माणूस आटतो म्हणतात. आपण बहरलो, असं ती एका मुलाखतीत म्हणालीसुद्धा होती.

दुपारपर्यंत कागदावर नुसती तारीख होती.

दुसऱ्या दिवशी चार. ती प्रयोगशाळेत गेली. प्रज्योत एका कोपऱ्यात पाण्याच्या बादलीत राख कालवत होता, बोटाने ढवळून थांबायचा, बघायचा, पुन्हा ढवळायचा. संध्याकाळी बसमध्ये तिला एक टिपण सुचलं, राख पाण्यात बसण्याच्या वेगाबद्दल. चांगलं होतं. तिने ते लिहिलं आणि शेजारी फाशाचा आकडा टाकला, चार.

मग एक. मग तीन. मग सहा. मग पुन्हा तीन.

तिसऱ्या आठवड्यात तिला वाटलं, फासा खरंच टाकतात ना या?

“प्रज्योत येतो का तुमच्याकडे?” तिने फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं.

“येतो की. कूलरचा पाइप त्यानेच बसवला मागच्या वर्षी. काहून?”

“काही नाही.”

“विभे, तुला रोज फाशाचा व्हिडिओ पाठवू का?”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“तसंच होतं,” मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी व्हिडिओ येऊ लागला. सुरकुतलेली मूठ, टेबलावर उडालेला फासा, मागे कूलरची घरघर. विभा तो दोनदा बघायची.

प्रज्योतला यातलं काही माहीत नव्हतं. विभा मॅडम एक दिवस येतात, तीन दिवस येत नाहीत, आल्या की ओळख न दिल्यासारखं बघतात, एवढंच त्याला दिसत होतं. आपल्याला घालवायची तयारी चालली आहे, असं त्याने धरलं. आणि काम करत राहिला. सम दिवसांनंतर जेवढं, विषम दिवसांनंतर तेवढंच. समितीच्या आदल्या दिवशी विभाने दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. त्यांच्यात फरक शोधायला भिंग लागलं असतं.

स्वतःचे आकडे मांडायला काही लागलं नाही. सम दिवसांची टिपणं होती. विषम दिवसांच्या तारखा होत्या.

मुद्दाम?

समितीत तिघे होते. हिवरकर सर, कुलसचिवांच्या कार्यालयातले एक गृहस्थ, जे सगळं लिहून घेत होते, आणि बाहेरचे सदस्य म्हणून कराडकडचे इनामदार सर, पिकलेल्या मिशांचे, पाण्याच्या पंपांत आयुष्य घालवलेले. समोर एका टोकाला प्रज्योत, दुसऱ्या टोकाला विभा. भिंतीवर अर्थातच पडदा.

“मॅडम, तुमचं निवेदन,” हिवरकर म्हणाले. एका वाक्याची वाट बघत त्यांनी पेन मिटून ठेवलं होतं.

“बाण उलटा आहे,” विभा म्हणाली.

हिवरकरांनी मिटलेलं पेन उचललं.

“म्हणजे?”

“माझ्या टिपणांतून प्रज्योतला काही मिळालेलं नाही. त्याला काम करताना बघून मला सुचत होतं. मी आधी लिहून मोकळी व्हायचे. तो काम पुरं करून मग मांडायचा. ओघला फक्त लिहिलेलं दिसतं.”

पडदा ही बैठकही ऐकत होता. तिचं बोलणं संपलं तसा एक बारीक बाण हळूहळू फुगला. प्रज्योतच्या वर्तुळातून विभाच्या वर्तुळात. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

हिवरकरांनी पेन उघडलं. “मेश्राम, तुम्ही मॅडमवर काही दबाव आणलाय?”

“सर, महिनाभर मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत.”

“तेच तर. अचानक बोलणं बंद आणि आज हे. यंत्र स्पष्ट दाखवतंय, आजचं निवेदन मॅडमच्या डोक्यातून आलेलं नाही.”

“माझ्या डोक्यातून तरी नाही आलं,” प्रज्योत म्हणाला. त्याने विभाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कृतज्ञता नव्हती. ही बाई आता कुठला डाव टाकते आहे, असं ती नजर विचारत होती.

विभाने मग फाशाचं सांगितलं.

“फासा?” हिवरकर म्हणाले. “समितीसमोर सापशिडी?”

“सापशिडीच की हो, सर. इथं दुसरं काय चाललंय?” इनामदार सर पहिल्यांदाच बोलले. त्यांनी चष्मा बदलून तिचे आकडे ओढून घेतले. बराच वेळ बघितले. व्हिडिओ मागितले, त्यातले चार उघडून तारखा ताडून पाहिल्या. “बटण कुणाच्या हातात होतं ते यात पहिल्यांदा दिसतंय. या विषम दिवसांत तुम्ही किती लिहिलंत, मॅडम?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही?”

“तारखा लिहिल्या.”

इनामदारांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. “मुद्दाम?”



पहिल्या दिवशी तरी मुद्दाम नव्हतं. पहिल्या दिवशी तिने खरोखर डोकं फोडलं होतं. पण दुसऱ्या विषम दिवशी? तिसऱ्या? कागद कोरा राहिला तर प्रज्योत सुटतो, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असलेलं माणूस ठाऊक नसल्यासारखं बसू शकतं का? फासा मॅडम टाकत होत्या, पण पेन तिच्याच हातात होतं. येणारं एखादं वाक्य तिने दारातूनच परत धाडलं असेल, तर ते तिला तरी कसं कळणार? बाहेरच्या हाताने वर्तुळ तोडलं होतं, आणि ती आत दुसरं काढून बसली होती.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

हिवरकरांनी हात पसरले. झालं, या अर्थाने.

“आम्हाला सांगायची गरजही नाही,” इनामदार म्हणाले. “मॅडम का लिहीत नव्हत्या ते त्यांचं त्यांना. लबाडीनं असेल, दुःखानं असेल. त्या लिहीत नव्हत्या आणि हे पोरगं लिहीत राहिलं, फाशाला न विचारता. माझ्यापुरतं एवढं बास. कायम करा त्याला.”

लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

उरलेलं

मॉडेल खऱ्यातून वजा केलं की जे राहतं, त्याला उरलेलं म्हणतात. मॉडेल चांगलं असेल तर उरलेल्याला काही आकार नसतो, नुसती खरखर असते. आकार दिसला तर समजावं, काहीतरी सुटलंय.

उरलेलं होतं ते असं. प्रज्योत कायम झाला. ओघ-केंद्र झालंच, आणि संचालक हिवरकर सर झाले. पडदे राज्यभर तसेच राहिले. विभाने आपल्या प्रयोगशाळेतला काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. कान्हेरे मॅडम म्हणाल्या, यावर पेपर लिही, आणि पहिलं नाव फाशाचं घाल.

आणि समितीच्या खोलीबाहेर प्रज्योतने विचारलं होतं, “मॅडम, यात तुमचं काय आहे?”

“काही नाही.”

“काही नसताना कुणी एवढं करत नाही. तुम्हीच शिकवलंय. बाहेर काही पडलं म्हणजे आत काहीतरी शिरलेलं असतं.”

तिला ‘मी तुझं चोरत होते’ असं म्हणता आलं असतं. आत ते तिने समितीला सांगितलं होतं, त्याला नाही. तेवढ्यात भोंगा झाला आणि दोघं दोन दरवाज्यांनी घरी गेले.

आता मे संपत आला होता. दुपारबंदीत रस्ता भाजून पांढरा पडला होता. विभा घरी एकटी बसली होती. समोर कूलर. मॅडमच्या हट्टाने तिनेही यंदा घेतला होता. ती उठली आणि तिने बटण बंद केलं. उन्हाळा जातो का बघू, असं स्वतःशीच म्हणून हसली.

पंखा लगेच थांबला नाही. फिरत राहिला, मंदावला, दर फेऱ्याला एकाच जागी किंचित अडखळू लागला. ताट्यांवरून शेवटचे थेंब उतरले. घामाची धार मानेवरून आत गेली. आणि पंख्याकडे बघता बघता तिला वाटलं: पडदा काढल्यावर प्रयोगशाळा कशी थांबते? एकदम नाही थांबणार. वर्षभर एकमेकांवर ठेवलेली नजर काही दिवस तशीच फिरत राहील. ती कशी मंदावते, कुठे अडखळते, कोण कुणाशी आधी बोलतं, यावरून कळेल की माणसं आतून किती झिजली.

ती दचकली. मान वळवून तिने मागे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं.

पंपाचं थांबणं प्रज्योतचं. प्रयोगशाळा तिची. कूलरचं कोडं मॅडमचं. मग हे कुणाचं?

पेन हाताशी होतं. तिने ते घेतलं नाही. फोन घेतला.

“प्रज्योत, मला एक सुचलंय. कुणाचं आहे ते कळत नाही.”

पलीकडून मग सावध आवाज आला, “लिहून ठेवलं का?”

“नाही.”

“कुठेच नाही?”

“कुठेच नाही.”

 पंखा अजून पुरता थांबला नव्हता.

“थांबा,” तो म्हणाला. “बंदी उठली की टपरीवर येऊन राहिलो. तोवर लिहू नका.”

“नाही लिहीत.”

फोन ठेवला गेला. विभा तिथेच बसली, दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवून, कुणाला ते दिसत नसतानाही.